म्हातारपणाची बेगमी सुगीतच करा



सरकारी नोकरास निवृत्तीची तारीख आधीपासून ठाऊक असते. शेतकऱ्यास तशी तारीख नाही. गुडघे धरू लागतात, बोंडातला कापूस नीट दिसेनासा होतो, फवारणीचा पंप पाठीला पेलवत नाही, तेव्हा उमगते की आपले वय झाले. आणि नेमका त्याच सुमारास औषधपाण्याचा खर्च वाढतो.

आपल्या वर्धा जिल्ह्यात कपाशी, सोयाबीन आणि तूर ही पैशाची पिके. पैसा येतो तो वर्षातून दोन-तीन वेळा, आणि आला की दुकानाची उधारी, पीककर्ज व लग्नकार्यात जातो. मग दवाखान्याचे काम निघाले की बैलजोडी विकावी लागते किंवा शेत गहाण पडते. हे टाळावे कसे, याचा धडा आपल्याच जिल्ह्यात घालून दिलेला आहे.

सेवाग्रामची ज्वारी

डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ साली सेवाग्रामला महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू केली. तेथील डॉ. उल्हास जाजू यांनी १९८० च्या सुमारास आसपासच्या खेड्यांत ज्वारीवर चालणारी आरोग्य विमा योजना उभी केली. सुगीत धान्य घरात आले की प्रत्येक घराने आपल्या ऐपतीप्रमाणे ज्वारी द्यायची; ज्याची जमीन अधिक त्याने अधिक, भूमिहीन मजुराने थोडी. गावातील बहुतेक घरे सामील व्हावीत, अशी अट होती. त्या बदल्यात गावात औषधपाणी आणि गरज पडल्यास कस्तुरबा रुग्णालयात उपचार मिळत.

या योजनेत आजारांचे दोन भाग केले होते. अचानक येणाऱ्या आजाराचा भार सर्वांच्या वर्गणीतून उचलला जाई. मोतीबिंदू, हर्निया किंवा नेहमीचे बाळंतपण, म्हणजे आधी ठाऊक असलेले काम, यासाठी मात्र घरच्यांना काही वाटा द्यावा लागे. म्हातारपणाच्या खर्चाचाही हिशोब असाच मांडावा.

अचानकचा आजार

यासाठी आज सरकारी आधार आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना व आयुष्मान भारत यांतून ठरलेल्या रुग्णालयांत दाखल झालेल्या रुग्णावर, कुटुंबास वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत उपचार होतात. ७० वर्षे व त्यावरील सर्वांना, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते. आधार कार्ड घेऊन ते आजच काढून ठेवावे. रुग्ण खाटेवर असताना कागद शोधत फिरणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे होय.

ठाऊक असलेला खर्च

कार्ड मुख्यतः दाखल झालेल्या रुग्णासाठी आहे. रोजच्या रक्तदाबाच्या व साखरेच्या गोळ्या, तपासणीसाठी वर्ध्याला जाण्याचे भाडे, सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी, चष्मा, हे सारे घरचेच. गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात विचाराव्या. आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. जनऔषधी केंद्रातही औषध स्वस्त मिळते. तरीही उरलेल्या खर्चासाठी स्वतःची शिल्लक हवीच.

शिल्लक कशी पाडावी

बियाण्यासाठी आपण धान्य आधी बाजूला काढतो, उरलेले खातो. म्हातारपणाचा वाटाही तसाच, माल विकल्याच्या दिवशीच काढावा. महिन्याच्या बचतीची सवय शेतकऱ्यास परवडत नाही. वर्षातून एकदा भरण्याची सोय त्याच्या कामाची. डाकघरातील भविष्य निर्वाह निधीचे (पीपीएफ) खाते असेच आहे. वर्षाला किमान ५०० रुपये भरावे लागतात. मुदत १५ वर्षांची असून पुढे पाच-पाच वर्षांनी वाढविता येते. चाळिसाव्या वर्षापासून दर साल आरंभी १०,००० रुपये टाकले आणि व्याज ७.१ टक्के धरले, तर साठाव्या वर्षी भरलेल्या २ लाखांचे सुमारे ४ लाख ४० हजार होतात.

१८ ते ४० वयाच्या, दोन हेक्टरपर्यंत जमीन असलेल्या शेतकऱ्यासाठी २०१९ साली पंतप्रधान किसान मानधन योजना निघाली. वयानुसार महिना ५५ ते २०० रुपये भरायचे, तेवढीच रक्कम केंद्र सरकार घालते आणि साठीनंतर महिना ३,००० रुपये मिळतात. हप्ता पीएम-किसानच्या पैशातून परस्पर वळता करता येतो. ज्यांची साठी उलटली आहे व हाताशी काहीच नाही, अशा ६५ वर्षांवरील गरीब वृद्धांनी श्रावणबाळ योजनेसाठी तहसील कार्यालयात अर्ज करावा.

घरातील बाईच्या नावाचे खाते वेगळे असावे. पुष्कळ घरांत नवरा आधी जातो आणि मागे राहिलेल्या बाईस बँकेचा उंबरठाही ठाऊक नसतो.

सातबारा हातचा सोडू नका

आमच्या खात्याच्या कामात एक गोष्ट वारंवार दिसते. भांडण नको म्हणून बाप सारी जमीन मुलांच्या नावे करतो. सातबाऱ्यावरून नाव गेले की पीएम-किसानचा हप्ता जातो, पीककर्जाची पत जाते, आणि गोळ्यांच्या पुडीसाठी सुनेपुढे हात पसरावा लागतो. मुले वाईट असतात असे नव्हे. त्यांचीही ओढाताण असते. म्हणून वाटणी करावयाची तर दोन-तीन एकर आपल्या व पत्नीच्या नावे राखावे. बक्षीसपत्र केलेच, तर त्यात आमचा सांभाळ करावा ही अट लिहून घ्यावी. ती मोडल्यास २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली न्यायाधिकरणाकडून ते बक्षीसपत्र रद्द करून घेता येते. निर्वाहासाठीही त्याच ठिकाणी दाद मागता येते.

यंदा कापसाचे वा तुरीचे पहिले पैसे हाती पडले की उधारीच्या वहीआधी डाकघराचे पासबुक काढा. रक्कम लहान असली तरी चालेल, खंड पडू देऊ नका. आणि मुलांनाही ते पासबुक दाखवून ठेवा. त्यांनाही एक दिवस साठी गाठायची आहे.