कंसाशिवायची उतरंड

नाशिक जिल्ह्यातल्या गावांची यादी वेबसाइटसाठी करायची, तर प्रोग्रॅमर ॲरेच्या पोटात ॲरे ठेवतो:

["निफाड", ["लासलगाव", "विंचूर"], "सिन्नर", ["वावी", "ठाणगाव"]]

ही उतरंड पानावर दाखवायची किंवा दुसऱ्या संगणकाकडे पाठवायची, तर तिची एक सरळ ओळ करावी लागते. जावास्क्रिप्टमध्ये नुसतं 'जॉइन' केलं की येतं: निफाड,लासलगाव,विंचूर,सिन्नर,वावी,ठाणगाव. नाव एकही गळलं नाही, पण तालुका कोणता आणि गाव कोणतं, ते पुसलं गेलं; कारण आत-बाहेर एकच स्वल्पविराम! पीएचपीचं 'इम्प्लोड' तर आत डोकावतच नाही. आतल्या ॲरेच्या जागी 'ॲरे' एवढा शब्द छापतं आणि वर इशारा देतं.

जावास्क्रिप्टचंच 'जेसन.स्ट्रिंगिफाय' मात्र कंस जपतं. ॲरेत शिरताना कंस उघडायचा, बाहेर पडताना मिटायचा. आत आणखी ॲरे भेटला, तर तेच काम तिथे पुन्हा पहिल्यापासून. एवढ्याशा नियमावर ते कितीही खोल उतरतं, आणि त्या ओळीतून मूळ रचना जशीच्या तशी परत उभी करता येते. मला यात खरोखर जादू वाटते.

पण उतरंडीची ओळ कंसांशिवायही करता येते, आणि ती आपण रोज पत्त्याखाली लिहितो. संस्कृतचे विद्वान आणि टपाल खात्यातले अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या कल्पनेतून आलेला पिनकोड 15 ऑगस्ट 1972 रोजी सुरू झाला. सिन्नरचा 422103 घ्या. पहिला 4 म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड हा विभाग. 42 म्हणजे त्यातला उपविभाग. 422 म्हणजे टपालाची वर्गवारी करणारा नाशिक जिल्हा. उरलेले तीन आकडे टपाल कार्यालयाचे. ना कंस, ना स्वल्पविराम, तरी एकही पातळी हरवत नाही. कितव्या जागेवर कोणती पातळी, हे आधीच ठरलेलं आहे ना!

ही उतरंड टपालाची, महसुलाची नव्हे. म्हणून मनमाड नाशिक जिल्ह्यात असूनही त्याचा पिन 423104. आणि वेलणकरांच्या सहा खणांत आणखी एक पातळी घालायला जागा नाही. घरं, गल्ल्या, मजले असं खोल खोल जायचं असेल, तर पुन्हा कंसच लागतात.