दातेरी पट्टा आणि नेलपॉलिश

मैत्रिणींनो, शिलाई मशीन चालवणारीला हे चटकन कळेल. सुई खाली जाऊन वर यायला लागते त्याच क्षणी शटलने दोरा पकडायला हवा. वेळ जरा चुकली की टाके सुटतात. गाडीच्या इंजिनातही असंच असतं. खाली क्रँकशाफ्ट, वर झडपा उघडणारा कॅमशाफ्ट. खालचा दोनदा फिरला की वरचा एकदाच फिरायचा. हा हिशोब सांभाळतो टायमिंग बेल्ट. मशीनचा चामडी पट्टा घसरला तर चालतं, इथे नाही. म्हणून याला दाते!

ही गोष्ट 2011 ची. दिवाळीला सासूबाईंना घेऊन मुलुंडहून चिपळूणला जायचं होतं. गॅरेजवाल्याने आमची मारुती 800 पाहिली आणि म्हणाला, "बेल्टला चिरा पडल्यात, बदला. पण मला वेळ दिवाळीनंतरच." चालत्या गाडीत बेल्ट तुटला की इंजिन जागच्या जागी बंद, आणि कित्येक इंजिनांत तर पिस्टन उघड्या झडपांवर आदळून त्या वाकतात. कशेडी घाटात असं झालं तर? छातीत धस्सच झालं.

लेक तेव्हा मेकॅनिकल डिप्लोमाला. म्हणाली, "आई, आपणच करू." हे हसले, पण कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून बेल्ट आणि टेन्शनर आणून दिला.

रविवारी सकाळी सोसायटीच्या आवारात बैठक मांडली. इंजिन गार, गिअर न्यूट्रलला, बॅटरीची वायर काढलेली, गाडी स्टँडवर. (नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालू नका हो.) स्पार्क प्लग काढले म्हणजे इंजिन हाताने हलकं फिरतं. फॅन बेल्ट, पुली, झाकण निघालं. पुलीचा बोल्ट मात्र हटेना! पान्याला लोखंडी पाइप लावून दोघी लोंबकळलो तेव्हा कुठे सुटला. तिसऱ्या मजल्यावरचे काका गॅलरीतून म्हणाले, "वहिनी, साहेबांना बोलवू का?" मी ऐकलंच नाही.

दोन्ही चाकांवर कंपनीच्या खुणा असतात. त्या समोरच्या खुणांशी जुळवून मी त्यावर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला. जुना बेल्ट काढला, नवा चढवला, टेन्शनर घट्ट केला. मी म्हटलं, झालं, लाव किल्ली.

"थांब आई. आधी पान्याने दोन फेरे."

फिरवले. खालचा ठिपका जागेवर, वरचा एक दाता पुढे! किल्ली लावली असती तर गाडी गचके खात चालली असती, नशीब वाईट तर झडपाही गेल्या असत्या. माझे हात थरथरायला लागले. चहा घेतला, पुन्हा सगळं सोडलं, पुन्हा बसवलं. या वेळी दोन फेऱ्यांनंतर दोन्ही ठिपके बरोब्बर. किल्ली लावली तेव्हा लेकीने डोळेच मिटले होते. गाडी मात्र पहिल्या झटक्यात सुरू झाली.

आता बऱ्याच नव्या गाड्यांत पट्ट्याऐवजी साखळी असते. तुमच्या गाडीत काय आहे, पट्टा असल्यास किती किलोमीटरला बदलायचा, हे गाडीच्या पुस्तकात असतं. ते पुस्तक डॅशबोर्डच्या कप्प्यात पडलेलं असतं, फक्त कोणी उघडत नाही. आणि सोबत जाणकार नसेल तर गॅरेजच बरं, पण जुना बेल्ट मागून घ्या, बघा.

कशेडी घाट लागला तेव्हा सासूबाई मागून हळूच म्हणाल्या, "तो पट्टा नीट आवळलायस ना गं?"

"दोनदा बसवलाय, आई," मी म्हटलं. त्यांनी पानाचा डबा उघडला.