ताट तेच, कष्ट वेगळे

आषाढात पळसदरीच्या खाचरांत भाताची लावणी चालते, तेव्हा इथूनच खोपोली-कर्जत लोकल नोकरदारांना घेऊन निघते. चिखलात दिवसभर वाकणारी सासू आणि ऑफिसात खुर्चीवर बसणारी सून घरी एकाच टोपातला भात जेवतात. शरीराची गरज मात्र एक नसते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार ५५ किलो वजनाच्या, बैठं काम करणाऱ्या स्त्रीला दिवसाला १६६० किलोकॅलरी पुरतात. कष्टाची कामं करणारीला २७२० लागतात. प्रथिनं मात्र दोघींनाही सारखीच, सुमारे ४६ ग्रॅम.

गोम इथेच आहे. काम हलकं झालं म्हणून सगळंच जेवण निम्मं केलं, तर प्रथिनंही निम्मी होतात. आणि जेवण पूर्वीइतकंच ठेवलं, तर जादा ऊर्जा चरबी होऊन अंगावर चढते. म्हणून किती खातो याइतकंच काय खातो हेही पाहावं लागतं.

पिष्टमय पदार्थ आणि प्रथिनं यांच्या एका ग्रॅममधून ४ किलोकॅलरी मिळतात, स्निग्ध पदार्थांतून ९. साठ ग्रॅम कच्च्या तांदळातून सुमारे २१० किलोकॅलरी आणि जेमतेम ५ ग्रॅम प्रथिनं मिळतात. तेवढा तांदूळ कमी करून ३० ग्रॅम वाल वाढवले, तर साधारण शंभर किलोकॅलरी वाचतात आणि प्रथिनं कमी न होता थोडी वाढतातच. पण वालाच्या बिरड्याला तेल जपून घालावं. दहा ग्रॅम जादा तेलात ही सारी बचत जवळजवळ संपते.

भातकापणीनंतर खाचरात उरलेल्या ओलीवर इथे कडवे वाल घेतात. भाताच्या प्रथिनात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असतं, वालात ते भरपूर. वालात मिथिओनिन कमी, ती उणीव भात भरून काढतो. वाल भिजवून, मोड आणून, सोलून शिजवले की पचायलाही सोपे जातात.

आपल्या आहारातली ५० ते ७० टक्के ऊर्जा धान्यातून येते; ती ४५ टक्क्यांवर आणावी, असं राष्ट्रीय पोषण संस्थेची २०२४ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. त्यासाठी महागडी प्रोटीन पावडर लागत नाही. बैठं काम असेल तर भाताची एक मूद कमी करा, बिरडं एक डाव जास्त घ्या, सोबत पालेभाजी ठेवा. लावणीला जाणाऱ्या माणसाच्या ताटातला भात मात्र कमी करू नका.