भंडाऱ्याचे पितळ आणि काळवंडलेले चेहरे

पितळी भांड्यांसाठी ख्यातनाम असलेल्या भंडारा शहरात सहजचित्रण, म्हणजे माणसांना मुद्दाम उभे न करता त्यांच्या चालू व्यवहारात टिपणे, करू पाहणाऱ्या हौशी छायाचित्रकाराची फसगत अनेकदा माणसांपेक्षा भांड्यांमुळेच होते. कॅमेऱ्यातील प्रकाशमापक समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करडे आहे असे गृहीत धरतो. त्यामुळे उन्हात झळाळणाऱ्या हंड्या-घागरींनी चौकट व्यापली की तो आत येणारा प्रकाश कमी करतो आणि ज्याच्यासाठी चित्र घेतले त्या दुकानदाराचाच चेहरा काळवंडतो. अशा वेळी उद्भासन, म्हणजे संवेदकावर पडणाऱ्या प्रकाशाचे प्रमाण, एका स्टॉपने, अर्थात दुपटीने, वाढवणे इष्ट असते.

दुकानाच्या आतल्या अंधारात संकट उलटे असते. तेथे प्रकाश अपुरा असल्याने शटर १/३० सेकंद उघडे राहिले, तर सेकंदाला सुमारे १.४ मीटर चालणारे गिऱ्हाईक तेवढ्या अवधीत साडेचार सेंटिमीटरांहून अधिक सरकून पुसट होते. १/२५० सेकंदात मात्र ते जेमतेम अर्धा सेंटिमीटर सरकते. छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँ यांच्या १९५२ च्या ग्रंथामुळे रूढ झालेला ‘निर्णायक क्षण’, म्हणजे दृश्यातले सारे नेमके जुळून येते तो क्षण, अचूक गाठूनही चित्र हातचे जाते ते असे. शटर लवकर मिटावे म्हणून आयएसओ, म्हणजे संवेदकाची प्रकाशसंवेदनशीलता, वाढवल्यास चित्रात दाणे उमटतात खरे, परंतु दाणेदार चेहरा पुसट चेहऱ्यापेक्षा केव्हाही बरा.