कोंडणे म्हणजे उपचार नव्हे

शेलारला आमच्या वस्तीला लागूनच यंत्रमागांचे कारखाने आहेत. त्या खडखडाटात एका पंधरा वर्षांच्या पोराचे ओरडणे आम्हा शेजाऱ्यांना चार दिवस ऐकू आले नाही. पोराची झोप उडाली होती, कानात कुणी बोलते म्हणायचे. बापाने त्याचा पाय खाटेला बांधला. मी शिक्षक, बापाला रागावलो. तो म्हणाला, "गुरुजी, मजुरी मीटरवर. मी घरी बसलो तर खायचं काय?" मग कुणी पोलीस बोलावले. पोर एक रात्र कोठडीत राहिले.

मला तेव्हा कायदा ठाऊक नव्हता. ही माझीही चूक.

पत्रकार शीला बर्से यांच्या प्रकरणात १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की गुन्हा न केलेल्या मनोरुग्णाला तुरुंगात डांबणे घटनाबाह्य आहे. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१८ पासून लागू आहे. त्याने साखळदंडाला बंदी घातली. मनोरुग्णाला कोठडीत ठेवण्यासही मनाई केली. अठरा वर्षांखालील मुलाला रुग्णालयात ठेवायचे ते दुसरा उपाय उरला नाही तरच. पालकाचा अर्ज हवा. दोन तज्ज्ञांनी, त्यांत एक तरी मनोविकारतज्ज्ञ, वेगवेगळे तपासले पाहिजे. मुलाला प्रौढांपासून वेगळे ठेवायचे. पुनर्विलोकन मंडळाला बहात्तर तासांत कळवायचे. पालकाने मागितले तर मुलाला सोडायचे.

कधी कधी मुलाच्या इच्छेविरुद्ध त्याला ठेवावे लागते, हे मी नाकारत नाही. पण त्या सक्तीच्या प्रत्येक दिवसाचा जाब कुणीतरी दिला पाहिजे. कोंडणे आणि उपचार यांत फरक आहे तो एवढाच.

कायदा आणखी एक गोष्ट सांगतो: पालकाने किंवा त्याने नेमलेल्या माणसाने मुलाजवळ सतत राहिले पाहिजे. नियम चांगला आहे. पण शेलारहून ठाण्याच्या मनोरुग्णालयात जाऊन महिनाभर बसणाऱ्या बापाची मजुरी कोण देणार? ती बुडते, म्हणून पोर घरीच बांधले जाते. ज्यांच्या बापजाद्यांना गावाने वेशीबाहेर ठेवले, त्यांच्यावर आपलेच पोर दाराआड ठेवण्याची पाळी येते.

म्हणून कार्यकर्त्यांनी अशा प्रत्येक ठिकाणी तीन प्रश्न विचारावेत: कुणी तपासले? जवळ कोण आहे? मंडळाला कळवले का? आणि सरकारला चौथा: जवळ बसणाऱ्याच्या मजुरीचे काय? या चौथ्या प्रश्नाचे उत्तर मिळेपर्यंत बाकीचे तीन हक्क आमच्या वस्तीपर्यंत पोचणार नाहीत.