साधन घरचे, प्रमाण शिफारशीचे



बेणेप्रक्रियेसाठी टाकी ठेवा, असे आम्ही गावोगाव सांगतो. पण लागणीच्या दिवशी बांधावर टाकी असतेच असे नाही. मग माणूस हाताशी असेल त्यावर भागवतो. कोणी २०० लिटरचे जुने बॅरल आडवे कापतो, कोणी खड्डा काढून त्यात प्लॅस्टिकचा कागद अंथरतो. टिपऱ्या कांद्याच्या जाळीदार गोणीत भरून बांबूला अडकवायच्या, ही युक्ती तर लागणीच्या मजुरांचीच. एक गोणी बुडालेली, एक निथळत, एक भरत. काम थांबत नाही. अशा युक्त्यांना आमची ना नाही.

प्रश्न औषधाच्या प्रमाणाचा आहे. १०० लिटर पाण्यात १०० ग्रॅम कार्बेन्डाझिम आणि टिपऱ्या १० मिनिटे बुडवणे, ही शिफारस आहे.

मागे एका सभासदाच्या सुरू लागणीत पहिल्या सऱ्या झकास उगवल्या आणि शेवटच्या सऱ्यांत नांगेच नांगे. टिपरी उकरून चिरली, तर आतून लाल-काळी आणि पिकल्या अननसासारखा वास. अननस रोगच तो. चौकशीत कळले, की गोणीबरोबर थोडे थोडे द्रावण जाई आणि पातळी उतरली की वरून साधे पाणी ओतले जाई. शेवटच्या गोण्यांना औषध नावालाच लागले. पण दोष त्यांना कसा द्यावा? भर कशी घालायची, हे आम्हीच सांगितले नव्हते.

म्हणून आता सांगतो :

१) भर घालायला त्याच प्रमाणाचे द्रावण वेगळ्या पिंपात आधीच तयार ठेवा. ५० लिटरला ५० ग्रॅम.

२) काडेपेटीने किंवा मुठीने औषध मोजू नका. पाणी बादल्या मोजूनच घ्या.

३) वेळ घड्याळावर धरा. तंबाखू मळून होईस्तोवर १० मिनिटे होत नाहीत!

४) जिवाणू खताची प्रक्रिया औषधानंतर आणि वेगळ्या भांड्यात करा.

५) हातमोजे घाला. ते बॅरल पुन्हा पिण्याच्या पाण्याला किंवा जनावरांना वापरू नका. उरलेले द्रावण पाटात, विहिरीजवळ ओतू नका.

आपली एखादी युक्ती असेल, तर गट ऑफिसात जरूर कळवावी. आम्ही येऊन बघू. चांगली असली तर शेजारच्या गावालाही सांगू.

— ऊस विकास अधिकारी