मधाचा कांदा आणि पिलाव

बीड जिल्ह्यातल्या केज, धारूर, अंबाजोगाई या पट्ट्यात मध विकणारा माणूस बादलीच्या तोंडावर पोळ्याचा एक तुकडा ठेवतो. गिऱ्हाइकाला तो अस्सलपणाचा पुरावा वाटतो. तुकडा हातात घेऊन पाहिला तर बहुतेक घरांत मध नसतो. तिथे पांढऱ्या अळ्या आणि टोपण घातलेले कोष, म्हणजे पिलाव असतो. सगळं पोळं एकदम पिळलं की अळ्यांचा रस मधात उतरतो आणि असा मध लवकर आंबतो. पोळ्याचा वरचा, मधाने भरलेला जाड भाग म्हणजे कांदा. पिलावाला धक्का न लावता फक्त कांदा कापता येईल का, हा प्रश्न कित्येक वर्षं माझ्या मनात घर करून आहे. त्याचा माग काढताना मला एक जैन आचार्य, तीन ख्रिस्ती धर्मगुरू, गांधीजी आणि पुण्याचा एक शास्त्रज्ञ भेटले. केजमध्ये कुणाला मधाचा छोटा धंदा उभा करायचा असेल, तर त्याची वाट या सगळ्यांच्या अंगणातून जाते असं माझं ठाम मत झालं आहे.

आधी केजच्या माशीबद्दल. सातेरी पोकळीत राहते, फुलोरी झुडपात एवढंसं पोळं लावते. आपल्या उघड्या मुलखाची खरी मालकीण मात्र आग्या. वडाच्या फांदीखाली, पाण्याच्या उंच टाकीखाली, देवळाच्या शिखराच्या आडोशाला ती एकच मोठं पोळं उघड्यावर टांगते. पावसाळ्याच्या सुमारास जाते आणि रानं फुलली की परत येते. २००० साली 'नेचर' या नियतकालिकात आनुवंशिक तपासणीवर आधारलेलं एक संशोधन प्रसिद्ध झालं. स्थलांतर करून गेलेली आग्याची वसाहत पुन्हा त्याच ठिकाणी परतू शकते, असं त्यातून दिसलं. कामकरी माशी काही आठवड्यांची धनी. त्यामुळे ज्या माश्या परत येतात त्यांतल्या बहुतेकींनी ते झाड पूर्वी पाहिलेलंच नसतं. त्यांना ते कसं सापडतं, याचं पूर्ण उत्तर अजून हाती नाही.

केज तालुक्यातून माणसंही अशीच जातात आणि येतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयता निघतो तो उन्हाळ्याच्या तोंडाशी परततो. तूर फुलते नोव्हेंबर-डिसेंबरात, करडई त्यानंतर, करंज आणि लिंब उन्हाळ्याच्या सुरुवातीला. म्हणजे आपल्या भागात मध तयार होतो नेमका तेव्हा इथले कष्टाळू हात दुसऱ्या जिल्ह्यांत ऊस तोडत असतात. या धंद्याबद्दल इतकं बोललं जातं, पण हा मुद्दा कुणी मांडलेला माझ्या वाचनात नाही.

आता पिलाव वाचवण्याच्या मूळ प्रश्नाकडे. दहाव्या शतकाच्या आसपासचे दिगंबर आचार्य अमृतचंद्र यांनी 'पुरुषार्थसिद्ध्युपाय' या ग्रंथात श्रावकाला मद्य, मांस आणि मध वर्ज्य सांगितले आहेत. मधाचा थेंब माश्यांच्या हिंसेतूनच मिळतो, हा त्यांचा पहिला आक्षेप. त्यापुढे जाऊन ते म्हणतात, की पोळ्यातून आपोआप गळलेला मध घेतला तरी दोष लागतो, कारण त्यात आश्रयाला असलेले जीव मरतात. वड, पिंपळ, उंबर वगैरे पाच झाडांची फळंही ते याच कारणाने वर्ज्य ठरवतात. उंबराच्या पोटात चिलटासारखे कीटक असतात, हे आपण सगळ्यांनी उंबर फोडून पाहिलेलं आहे. अशा बारीक निरीक्षणावर उभा असलेला हा निषेध मला फार आदराचा वाटतो. बादलीवरचा तो तुकडा पाहिला की आचार्यांचं म्हणणं शब्दशः पटतं.

मध काढताना पिलाव मारावा लागू नये, ही सोय पुढे युरोप-अमेरिकेत झाली आणि तीही धर्माच्या माणसांकडून. पोलंड-जर्मनीच्या सीमाभागातले कॅथलिक धर्मगुरू यान झिएर्झोन यांनी सरकती पोळी असलेल्या पेट्या वापरल्या. नर माशी फलन न झालेल्या अंड्यातून जन्मते, हेही त्यांनीच मांडलं. फिलाडेल्फियाचे पाद्री लोरेन्झो लँगस्ट्रॉथ यांनी १८५१ साली पाहिलं, की साधारण नऊ मिलिमीटरची फट माश्या मेणाने बुजवत नाहीत, येण्याजाण्यासाठी मोकळी ठेवतात. चौकटी तेवढ्या अंतरावर टांगल्या की त्या एकेक करून उचलता येतात. १८५२ साली त्यांना पेटंट मिळालं, पण लोकांनी बिनदिक्कत नकला केल्या आणि त्यांच्या पदरी पैसा पडला नाही. १८६५ साली हृश्का यांचं मधयंत्र आलं. चौकट फिरवली की मध बाहेर उडतो आणि पोळं शाबूत राहतं. खाली शिशुकोठी, वर मधकोठी आणि शेजारी मधयंत्र, अशी आजची मांडणी तेव्हा पूर्ण झाली.

भारतात ही विद्या गावकऱ्यापर्यंत नेणारे फादर न्यूटन यांचं नाव आज फार थोड्यांना माहीत आहे. तिरुचिरापल्लीचे हे जेझुइट धर्मगुरू. परदेशी पेटी आपल्या सातेरीला मोठी पडते, हे ओळखून त्यांनी तिच्या मापाची लहान पेटी केली. १९११ ते १९१७ या काळात त्यांनी आसपासच्या खेड्यांतल्या लोकांना मधमाशीपालन शिकवलं. त्यांची पेटी 'न्यूटन पेटी' म्हणून आजही दक्षिणेत वापरात आहे आणि भारतीय मानकांतल्या 'ए' प्रकाराचा आधारही तीच आहे. त्यानंतर त्रावणकोरातल्या मार्तांडमला वाय.एम.सी.ए.च्या ग्रामीण केंद्रात स्पेन्सर हॅच यांनी हेच काम पुढे नेलं. तिथे मधपाळांची सहकारी संस्था उभी राहिली आणि तो भाग मधासाठी देशभर ओळखला जाऊ लागला. माणसाच्या आवाक्यातलं अवजार त्याच्या हाती द्यायचं आणि त्याला ते पेलेपर्यंत शेजारी उभं राहायचं, ही या दोघांची रीत होती. त्यांच्या श्रद्धेचा सगळ्यात खरा पुरावा मला या शेजारी उभं राहण्यात दिसतो.

१९३४ साली वर्ध्याला अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जे. सी. कुमारप्पा मगनवाडीत कामाला लागले आणि तिथल्या उद्योगांत मधमाशीपालनही आलं. गांधीजींनी 'हरिजन'मधून त्याचा पुरस्कार केला. पोळं पिळून मिळणारा मध आणि मधयंत्राने काढलेला अहिंसक मध यांत त्यांच्या मंडळींनी स्पष्ट रेघ ओढली. त्यामुळे आचार्यांच्या पहिल्या आक्षेपाला उत्तर मिळालं. दुसरा आक्षेप तसाच उभा आहे आणि तो मानणाऱ्या जैन कुटुंबाला यंत्राचं कौतुक सांगून मध खायला लावणं मला अनुचित वाटतं. पण जो मध खातो आणि जो विकतो, त्या दोघांवर पहिल्या आक्षेपाला उत्तर देण्याची जबाबदारी नक्कीच येते.

अडचण इथेच सुरू होते. आपल्याकडे पेटी सातेरीसाठी झाली, पुढे इटालियन मेलिफेरा माशीसाठी झाली. आग्या पेटीत नांदत नाही. तिला उजेड आणि मोकळी हवा लागते आणि तिचं पोळं एकच असतं. केजच्या माळावर तर तिचंच राज्य.

या अडचणीला हात घालणारा कागद म्हणजे सी. व्ही. ठकार यांचं एक टिपण. १९७३ साली 'बी वर्ल्ड' या इंग्लंडमधून निघणाऱ्या नियतकालिकात ते छापून आलं. विषय, आग्याच्या वसाहती माणसाने केलेल्या निवाऱ्यात वसवण्याचा प्रयत्न. लांबी जेमतेम काही पानं. ठकार हे डॉ. जी. बी. देवडीकर यांच्या वर्तुळातले. देवडीकर मूळचे वनस्पतींच्या आनुवंशिकीचे अभ्यासक, महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीतले. त्यांनी ठकार आणि शाह यांच्यासह १९५९ साली भारतीय मधमाश्यांच्या गुणसूत्रांवर निबंध लिहिला होता. १९६२ साली खादी व ग्रामोद्योग आयोगाने पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन संस्था सुरू केली आणि या मंडळींच्या कामाला घर मिळालं.

ठकारांच्या टिपणाच्या मथळ्यातच 'प्राथमिक' हा शब्द आहे. ज्या माशीला रानटी म्हणून सोडून दिलं होतं, तिच्याशी बोलणं सुरू करता येईल एवढाच त्यांचा दावा.  त्याआधी १९६१ साली टोणपी यांच्यासह त्यांनी भारतीय माश्यांच्या घरबांधणीवर लिहिलं होतं. आग्या फांदीच्या आधाराला पोळं लावते, मधाचा कांदा एका बाजूला वर साठवते आणि पिलाव त्याच्या खाली-बाजूला पसरवते. म्हणजे निसर्गानेच मधकोठी आणि शिशुकोठी वेगळी करून ठेवली आहे. फक्त मधे फळी नाही. व्हिएतनामच्या उ मिन्ह दलदलीत लोक पिढ्यानपिढ्या तिरप्या दांड्या रोवतात. आग्या त्यावर येऊन बसते आणि ते मधाचा भाग कापून बाकीचं पोळं राखतात. दोन दूरच्या मुलखांतल्या माणसांनी माशीचं एकच म्हणणं ऐकलं.

पुढे वर्ध्यात डॉ. गोपाळ पालीवाल यांनी हा धागा कामाच्या पातळीवर आणला. रात्री मशाल पेटवून माश्या जाळायच्या आणि अख्खं पोळं खाली पाडायचं, ही जुनी पद्धत. तिच्याऐवजी अंगभर संरक्षक पोशाख, बेताचा धूर, दिवसाउजेडी काम आणि फक्त कांद्याची कापणी. माश्या राहतात, पिलाव राहतो, कांदा पुन्हा भरतो आणि त्याच पोळ्यातून हंगामात परत मध घेता येतो. मोहोळ झाडणाऱ्यांना त्यांनी ही रीत शिकवली. माझ्या मते मराठी मुलखात मधाच्या क्षेत्रात झालेलं हे सर्वांत मोलाचं काम आहे आणि मराठवाड्याने ते अजून आपलंसं केलेलं नाही.

महाबळेश्वरची गोष्ट वाचकांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. तिथलं मध संचालनालय १९४६ पासूनचं. मांघर २०२२ साली देशातलं पहिलं 'मधाचं गाव' झालं आणि नंतर कोल्हापूर जिल्ह्यातलं, मौनी महाराजांच्या मठाचं पाटगाव त्या वाटेने गेलं. दोन्हीकडे दाट जंगल आहे आणि सातेरी आहे. त्यांची नक्कल केजमध्ये चालणार नाही. तिथून उचलण्यासारखं एकच आहे. शिकलेला मधपाळ त्याच गावात राहतो आणि नवख्याची पेटी उघडून दाखवायला चालत येतो. सरकारी मध केंद्र योजनेत निम्मं अनुदान आणि काही दिवसांचं प्रशिक्षण मिळतं. पण माशी वर्षभर वागते, दहा दिवस नाही. वसाहत फुटायला लागली, मेणकीड लागली, फुलोरा संपला, की तेव्हा विचारायला माणूस लागतो.

तो माणूस केजला जवळच मिळू शकतो. अंबाजोगाईजवळ डिघोळअंब्याला कृषी विज्ञान केंद्र आहे, अंबाजोगाईतच कृषी महाविद्यालय आहे. १९८२ साली द्वारकादास लोहिया यांनी सुरू केलेली 'मानवलोक' संस्था आहे. तिने पाणलोटाचं आणि महिलांचं काम करताना माणसाशेजारी टिकून राहणं म्हणजे काय, ते दाखवून दिलं आहे. यांतल्या कुणी आग्याच्या कांदा-कापणीचा एक जाणता माणूस तूर ते लिंब एवढा पूर्ण हंगाम केज तालुक्यात ठेवला, तर धंदा तिथून सुरू होईल.

काही गोष्टी मात्र डोळसपणे कराव्या लागतील. आग्याच्या मधात पाणी जास्त असतं आणि खाद्य मानकांची मर्यादा २० टक्क्यांची आहे. तेव्हा टोपण घातलेला कांदाच कापायचा, पाण्याचा अंश मोजायचं छोटं उपकरण जवळ ठेवायचं, मध पिळायचा नाही, निथळू द्यायचा. डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीच्या विज्ञान आणि पर्यावरण केंद्राने मोठ्या कंपन्यांच्या मधातली साखरपाकाची भेसळ उघड केली. तेव्हापासून गिऱ्हाईक ओळखीच्या माणसाकडचा मध शोधत आहे. छोट्या विक्रेत्याची हीच मोठी संधी आहे आणि एका भेसळीत ती कायमची जाते. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणून सीताफळाच्या बागेत पेट्या ठेवा असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नये. सीताफळाचं परागीभवन प्रामुख्याने बारीक भुंगेरे करतात. कांद्याचं बी, सूर्यफूल, करडई, तीळ यांना मात्र माशीचा खरा उपयोग आहे. सोयाबीनच्या लाटेत करडई आणि तीळ मागे पडले आणि माशीचं ताटही त्याबरोबर रिकामं झालं. बांधावर करडईचे दोन तास पेरणारा शेतकरी मधपाळाचा पहिला भागीदार ठरेल.

शेतकऱ्यांना एक विनंती करतो. दिवाळीनंतर तूर फुलोऱ्यात येते आणि शेंगा पोखरणाऱ्या अळीसाठी फवारे निघतात. फवारणी करावीच लागली तर दिवस मावळताना करा, तेव्हा माश्या पोळ्यावर परतलेल्या असतात. आणि तुमच्या बांधावरच्या झाडाला आग्या बसली असेल, तर मोहोळ झाडणाऱ्याला सांगा, कांदा ने, पिलाव ठेव.